ऑस्ट्रेलिया सरकला, नकाशाही सरकवावा लागला

ऑस्ट्रेलियावर काही वर्षांपूर्वी अख्ख्या देशाचा नकाशा सुमारे १.८ मीटर सरकवण्याची वेळ आली. हा देश ज्या भूपट्टावर वसला आहे, तो दरवर्षी सुमारे ७ सेंटिमीटर उत्तर-ईशान्येकडे सरकतो. नकाशावरील अधिकृत निर्देशक मात्र १ जानेवारी १९९४ च्या स्थितीला बांधलेले होते. जमीन पुढे गेली, आकडे मागे राहिले. २६ वर्षांत हे अंतर १.८२ मीटर भरते.

मोबाइलमधील जीपीएस काही मीटर चुकतेच, त्यामुळे सामान्यांना याची झळ नव्हती. पण उपग्रहाच्या आधारे चालणाऱ्या विनाचालक ट्रॅक्टरला दोन सेंटिमीटरची अचूकता लागते. त्याने जुन्या नकाशावर विसंबून नांगर धरला, तर तो शेताची हद्द ओलांडू शकतो.

दुरुस्तीचा गाभा शाळेतल्या निर्देशक भूमितीत आहे. सोयीसाठी सरकणे पूर्वेला १ मीटर आणि उत्तरेला १.५ मीटर धरू. हा झाला सदिश (१, १.५). त्याला लांबी आहे, सुमारे १.८ मीटर, आणि दिशाही आहे. शेताचा एक कोपरा (२००, १००) वर असेल, तर पहिल्या आकड्यात १ आणि दुसऱ्यात १.५ मिळवायचे. नवे स्थान (२०१, १०१.५). दुसरा कोपरा (५००, १००) वरून (५०१, १०१.५) वर जातो. दोन कोपऱ्यांतील अंतर आधी ३०० मीटर होते, नंतरही तेवढेच. प्रत्येक बिंदूत एकच सदिश मिळवल्याने वजाबाकीत तो आपोआप गळून पडतो. म्हणूनच कोणाचीही जमीन गुंठाभरही वाढली वा घटली नाही.

प्रत्यक्षात भूपट्ट सरकताना किंचित वळतोही. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरील सरकणे पश्चिमेपेक्षा थोडे कमी भरते आणि देशभर एकच सदिश पुरत नाही. अधिकृत रूपांतरात सरकण्याबरोबर वळण आणि प्रमाण धरून सात घटक वापरले जातात.

२०१७ मध्ये स्वीकारलेल्या ‘जीडीए २०२०’ या नव्या पद्धतीत गंमत अशी, की जमीन १ जानेवारी २०२० रोजी जिथे पोहोचेल, तिथले निर्देशक आधीच ठरवण्यात आले. म्हणजे सुमारे दोन वर्षे नकाशा जमिनीच्या पुढे होता!

नव्यावरून जुन्याकडे यायचे तर सदिश उलटा होतो, (-१, -१.५). इथेच घोटाळ्याला वाव आहे. मिळवण्याऐवजी वजा केले, तर चूक मिटण्याऐवजी दुप्पट होऊन ३.६ मीटरवर जाते.