लाल खुणेचे दगड

जुलै २०२५ चा दुसरा आठवडा. मुंबईत मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल नव्याने बांधून 'सिंदूर पूल' या नावाने खुला झाला आणि पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. किल्ल्यांच्या बातमीने आपण सगळेच हरखलो. त्याच बैठकीत आणखी एक नाव यादीत गेलं, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही: फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कार्नाक आणि मॉर्बिआं किनाऱ्यावरचे महापाषाण. एका चोखंदळ वाचकाच्या नजरेतून मात्र ते सुटलं नाही. 'आपल्या पुलाचं नाव या गावावरून पडलं का?' असं त्यांनी विचारलंय.

पुलाचं नाव पडलं ते जेम्स रिव्हेट-कर्नाक यांच्यावरून. १८३९ ते १८४१ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. पण प्रश्न खरा रंगतो तो यापुढे. याच घराण्यातले जॉन हेन्री रिव्हेट-कर्नाक पुढे मध्य प्रांतात कापूस आयुक्त झाले आणि कापसाच्या मुलखात फिरता फिरता त्यांना जुन्या दगडांचं वेड लागलं. १८६७ मध्ये त्यांनी नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं खणली. तिथल्या दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे पाहून त्यांना युरोपातल्या महापाषाणांवरचे तसलेच खळगे आठवले आणि ही तुलना त्यांनी छापूनही आणली. कर्नाक नावाच्या माणसाने विदर्भात उभं राहून युरोपच्या महापाषाणांची आठवण काढावी, हा योगायोग मला फार आवडतो.

योगायोगच, कारण नातं काही नाही. विदर्भातल्या वर्तुळांखाली लोखंडी हत्यारं आणि घोड्यांचे साज मिळाले. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. कार्नाकला दगड उभे राहिले तेव्हा लोखंड तर सोडाच, त्या मुलखात तांबंही पोचलं नव्हतं. मध्ये साडेतीन हजार वर्षांची दरी आहे. पण हे आपण इतक्या ठामपणे कशावरून म्हणतो? दगडाच्या अंगावर तारीख लिहिलेली नसते, आणि कार्नाकमधले कितीतरी दगड तर गेल्या दीडशे वर्षांत पुन्हा उभे केलेले आहेत.

उत्तर शोधायला कार्नाकला पायी जावं. ब्रिटनीच्या किनाऱ्याने सुमारे दोन हजार किलोमीटरची एक पायवाट जाते, 'जीआर ३४'. १७९१ मध्ये तस्करी रोखायला निघालेल्या जकात शिपायांच्या गस्तीने ती पाडली आणि १९६८ पासून ती पदयात्रींसाठी पुन्हा मोकळी होत गेली. वाट सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध, त्यांच्यावर ओक, आणि मधून शतकानुशतकांच्या बैलगाड्यांनी खोल गेलेला रस्ता. मी गेलो तो फेब्रुवारीत. उन्हाळ्यात दगडांच्या रांगांमध्ये फक्त मार्गदर्शकाबरोबर शिरता येतं, हिवाळ्यात मोकळेपणी हिंडता येतं. माळावर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरली होती आणि दुपारच्या उन्हात त्या फुलांना चक्क ओल्या नारळाचा वास येत होता. घरापासून इतक्या लांब, उत्तरेच्या थंडीत, कोकणातल्या स्वयंपाकघराचा वास.

मग रांगा लागल्या. ल मेनेकला एकाशेजारी एक अकरा रांगा आहेत. पुढे केरमारिओ, त्यापुढे केरलेस्कां. सगळे मिळून सुमारे तीन हजार दगड चार किलोमीटरवर पसरलेले. सुरुवातीला माणसाच्या दुप्पट उंचीचे, मग खांद्याएवढे, मग गुडघ्याएवढे. पायाखालची माती तुडवली जाऊन दगड सैल होतात म्हणून कुंपण घालावं लागलं आणि गवत आटोक्यात ठेवायला मेंढ्या सोडलेल्या असतात.

एका दगडाजवळ मी बराच वेळ थांबलो. माथ्यापासून खाली बोटभर रुंदीच्या पन्हळी उतरत होत्या, मेण वितळून ओघळावं तशा. दुसऱ्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, उथळ ताटलीएवढा एक खळगा होता. उभ्या भिंतीत ताटली! तो पावसाच्या पाण्याने झालेला, पण पाणी साचायला दगड आडवा हवा. दोमिनिक सेलिए या भूरूपशास्त्रज्ञाने कार्नाकच्या दगडांवर हेच वाचायला शिकवलं. खळगा सांगतो, हा दगड फार मोठा काळ माळावर उघड्या खडकाचा भाग म्हणून पडून होता. माथ्यावरच्या पन्हळी सांगतात, त्यानंतर कुणीतरी त्याला उचलून उभं केलं आणि मग पुन्हा पाऊस पडत राहिला. ग्रॅनाइटला अशी पन्हळ पडायला हजारो वर्षं लागतात. म्हणजे पन्हळी दगडाच्या माथ्यापासून नीट खाली आलेल्या असतील तर तो फार पूर्वीपासून असाच उभा आहे.

पावसाच्या या घड्याळात 'आधी' आणि 'नंतर' कळतं, साल कळत नाही. सालासाठी कार्बन हवा, आणि इथे ब्रिटनीची जमीन आडवी येते. ग्रॅनाइटची माती आम्लधर्मी. तिच्यात पुरलेली हाडं विरघळून जातात. इतक्या प्रसिद्ध जागेच्या नक्की तारखा इतकी वर्षं हाती लागल्या नाहीत त्या यामुळे. शेवटी मदतीला आला तो चुलीतला कोळसा. कार्नाकशेजारच्या प्लुआर्नेलमधल्या प्लास्केर इथे, बांधकामाआधी होणाऱ्या उत्खननात, दगड रोवण्याचे खड्डे आणि त्यांच्या लगत मोठ्या चुलींचे अवशेष मिळाले. त्यातल्या कोळशाच्या सुमारे ५० रेडिओकार्बन तारखांचा अभ्यास २०२५ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात आला: तिथल्या रांगा इसवी सनापूर्वी ४६०० ते ४३०० या काळात उभ्या राहिल्या. या चुलींवर काय शिजलं, की त्या उजेडासाठी होत्या, ते कोळसा सांगत नाही.

कार्नाकचं नाव निघालं की लोक आकाशाकडे बोट दाखवतात. याचं बरंचसं श्रेय अलेक्झांडर थॉम यांचं. ऑक्सफर्डचे हे निवृत्त अभियांत्रिकी प्राध्यापक १९७० च्या दशकात मोजणीची साधनं घेऊन कार्नाकला उतरले आणि त्यांनी काढलेले नकाशे आजही वाखाणले जातात. पण नकाशावरून त्यांनी पुष्कळ पुढची उडी मारली. हे दगड ०.८२९ मीटरच्या एकाच 'महापाषाणी यार्डा'ने मोजून ठेवलेत, आणि लोकमारिआकेर या गावातला एक प्रचंड शिलास्तंभ, वीस मीटर लांबीचा आणि आता चार तुकडे होऊन पडलेला, चंद्र पाहण्याची खूणकाठी होता, असं त्यांचं म्हणणं. पुढे तिथे उत्खनन झालं तेव्हा त्याच्या शेजारी आणखी १८ दगडांचे खड्डे एका रांगेत निघाले. म्हणजे तो एकटा खांब नव्हताच, रांगेतला सर्वांत मोठा होता. चंद्राच्या वेधासाठी एक काठी पुरते. १९ का रोवाव्यात? संख्याशास्त्रज्ञांनी यार्डाचीही कसून तपासणी केली आणि तोही फारसा टिकला नाही. तरी पर्यटकांच्या पुस्तकांत चंद्राची कहाणी अजून सुखाने नांदते आहे.

या सगळ्यात ज्याचं नाव घ्यायचं राहून जातं त्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. झाकारी ल रूझिक. १८६४ मध्ये कार्नाकमध्येच जन्मलेला गरीब घरचा मुलगा. १८७० च्या दशकात जेम्स मिल्न नावाचा स्कॉटिश पुराणवस्तुप्रेमी गावात खोदकामाला आला, तेव्हा सामान उचलायला लागलेला हा पोरगा त्याच्याबरोबर हिंडत शिकत गेला. मिल्न १८८१ मध्ये गेला; त्याच्या वस्तूंचं गावात संग्रहालय झालं आणि त्याचा सांभाळ पुढे ल रूझिककडे आला. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच माळावर राबला. खोदत राहिला, फोटो काढत राहिला, पडलेले दगड उभे करत राहिला.

आणि पुन्हा उभ्या केलेल्या प्रत्येक दगडाच्या खालच्या अंगाला त्याने लाल सिमेंटचा एक लहानसा ठिपका बसवला. अंगठ्याएवढी ती खूण शोधायला वाकावं लागतं, दगडफुलांच्या राखाडी-पिवळ्या डागांतून नजर फिरवावी लागते. सापडली की कळतं, हा दगड आमच्या काळात हलला. ज्याला कोन मोजायचे आहेत, पन्हळी वाचायच्या आहेत, तारे जुळवायचे आहेत, त्याने याला हिशोबात धरताना जपून राहावं. डागडुजी बेमालूम करणं म्हणजे उत्तम काम, असं तेव्हा बहुतेकांना वाटे. आपल्या हाताची खूण मागे ठेवायची, उद्याच्या संशोधकाला फसवायचं नाही, हे ल रूझिकला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. थॉमच्या नकाशाइतकंच, मला तर वाटतं त्याहून जास्त, मोल या लाल ठिपक्यांचं आहे.

ठेवलेल्या खुणांचं मोल किती, ते गाव्रिनिसला दिसतं. मॉर्बिआंच्या आखातातलं हे छोटं बेट. ब्रेटन भाषेत 'मॉर बिहान' म्हणजे धाकटा समुद्र. बेटावरच्या थडग्याच्या भुयारात दोन्ही बाजूंच्या शिळांवर भरती ओसरताना ओल्या वाळूवर उठाव्यात तशा कमानींवर कमानी कोरल्या आहेत. १९८४ मध्ये शार्ल-तांगी ल रू छताच्या शिळेची वरची बाजू मोकळी करत होते. ती बाजू ढिगाऱ्याखाली कायमची झाकलेली, कुणाला दिसण्यासाठी नव्हतीच. तिच्यावर लांब शिंगांच्या बैलाची अर्धी आकृती निघाली. उरलेली अर्धी चार किलोमीटरवरच्या लोकमारिआकेरच्या थडग्याच्या छतावर होती. एकेकाळचा सुमारे चौदा मीटर उंचीचा कोरीव स्तंभ पाडून, तोडून, त्याचे तुकडे वेगवेगळ्या थडग्यांना छत म्हणून घातले होते. ज्यांनी महापाषाण उभारले त्यांच्याच वारसांनी ते मोडलेही, आणि तुटलेल्या बैलाने ते सहा हजार वर्षांनी उघड केलं.

तेव्हा गाव्रिनिस बेट नव्हतं. समुद्र काही मीटर खाली होता आणि ही टेकडी जमिनीचाच भाग होती. बेटाच्या दक्षिणेला एर लानिक नावाचा लहानसा खडक आहे, तिथे दोन शिलावर्तुळं एकमेकांना लागून उभारलेली. एका वर्तुळाचे किनाऱ्यावरचे दगड ल रूझिकने १९२० च्या दशकात उभे केले. दुसरं पुरतं पाण्यात गेलेलं. ते तसंच राहिलं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला होडी जवळ नेली तर शेवाळाने काळे पडलेले त्याचे काही दगड पाण्यावर डोकं काढतात, आणि तासाभरात भरती चढली की पुन्हा आत जातात.