नदीच्या वरून जाणारी बोट

मिटललांड कालवा हा जर्मनीतला सर्वांत लांब कालवा. पश्चिमेला डॉर्टमुंड-एम्स कालव्यापासून निघून माग्डेबुर्गजवळ एल्बे नदीपर्यंत तो सुमारे ३२५ किलोमीटर धावतो. त्याचे खोदकाम १९०६ मध्ये सुरू झाले आणि तो एल्बेपाशी पोचला १९३८ मध्ये. त्यातला वोल्फ्सबुर्ग ते माग्डेबुर्ग हा पूर्वेकडचा तुकडा साध्या मोटारबोटीने एका दिवसात पार होतो. ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेग धरला की सुमारे आठ तास लागतात. पर्यटक यासाठी उन्हाचा दिवस शोधतात. पण ही वाट नीट समजते ती पावसात, कारण माणसाने पाण्याला कुठवर आवरले आहे आणि कुठे नाही, हे तेव्हा दिसते.

या सपाट मुलखातल्या पावसाला जर्मन लोक ‘लांडरेगन’ म्हणतात. वारा नाही, गडगडाट नाही; सकाळी लागलेली रिपरिप संध्याकाळपर्यंत तशीच चालू. आभाळ आणि पाणी एकाच करड्या रंगाचे होऊन जाते. गंमत अशी की माग्डेबुर्गचा परिसर जर्मनीतल्या कोरड्या भागांत मोडतो. नैर्ऋत्येला हार्त्स पर्वत आहे आणि हा भाग त्याच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षभरात इथे जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो थोडा थोडा करत बाराही महिने.

वोल्फ्सबुर्गला कालव्याच्या उत्तर काठावर फोक्सवागेनचा कारखाना आहे. त्याच्या वीजघराची चार धुराडी पावसातही लांबून ओळखू येतात. शहराच्या पश्चिमेला झ्युल्फेल्ड येथे एक जलपाश आहे. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. त्यात बोट घ्यायची, दरवाजे लावायचे आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वर-खाली न्यायचे. झ्युल्फेल्डला बोट नऊ मीटर खाली उतरते. त्यानंतर थेट एल्बेपलीकडे जाईपर्यंत एकही जलपाश नाही. ऐंशीहून अधिक किलोमीटर पाण्याची एकच पातळी.

पाऊस कितीही पडो, ही पातळी फारशी हलत नाही. कालवा शेतांतून जातो, पण शेतांचे पाणी त्यात सहसा येऊ दिले जात नाही. वाटेत आडवे येणारे ओढे, एवढेच काय आलर नदीसुद्धा, बोगद्यासारख्या नळांतून कालव्याच्या तळाखालून पलीकडे काढून दिली आहेत. कालव्याला लागणारे पाणी येते ते पंपांनी. वेझर नदीचे पाणी पश्चिमेला मिंडेन येथे कालव्यात चढवले जाते, एल्बेचे पाणी एल्बे-झायटन या जोडकालव्यातून येते. वेझरमध्ये कोरड्या महिन्यांत पुरेसे पाणी राहावे म्हणून तर १९१४ मध्ये हेसनच्या डोंगरात एडर नदीवर धरण बांधून झाले. म्हणजे बोटीवर कोसळणाऱ्या सरींपेक्षा दूरच्या डोंगरात कधीकाळी पडलेला पाऊसच या कालव्याच्या अधिक उपयोगी पडतो.

तरी पावसाळी दिवस बोट चालवणाऱ्याला सोपा जात नाही. डेक निसरडा होतो, दोर भिजून जड होतात. दाट पावसात रडारच्या पडद्यावर ठिपक्यांची पुटे चढतात आणि त्यांत छोटी बोट हरवू शकते. मोठ्या मालवाहू बोटींवर ही पुटे कमी करण्याची सोय असते, पण ती जास्त वापरली तर खरी बोटही पडद्यावरून पुसली जाते. पुढचे दिसेनासे झाले की रडार नसलेल्या छोट्या बोटीने काठ गाठून थांबायचे, असा नियम आहे. त्याला कारण आहे. शंभर मीटरहून लांब मालवाहू बोट चार मीटर खोलीच्या कालव्यातून जाते, तेव्हा ती पुढचे पाणी ढकलत नेते. तिच्या दोन्ही अंगांना पातळी खाली जाते आणि शेजारून चाललेली हलकी बोट तिच्याकडे ओढली जाते. काही ठिकाणी काठ म्हणजे पाण्यात उभी ठोकलेली लोखंडी भिंत असते. तिथे पडलेल्या माणसाला वर येता यावे म्हणून शिड्या बसवल्या आहेत. हरणांसाठीही बाहेर पडायच्या खास उतरत्या जागा केल्या आहेत.

वोल्फ्सबुर्गच्या पूर्वेला ड्र्योमलिंग हा पाणथळ मुलूख लागतो. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या कारकिर्दीत चर खणून इथली दलदल शेतीखाली आणली गेली. चरांचे ते जाळे आजही आहे, पावसात ते काठोकाठ भरते. याच भागात र्‍यूहेन आणि बुखहोर्स्ट यांच्या दरम्यान दोन जर्मनींची सीमा कालव्याला छेदून जात असे. पश्चिम बर्लिनकडे जाणाऱ्या बोटींची दोन्ही बाजूंना तपासणी होई. आज दोन्ही काठांवर सारखीच झाडे दिसतात आणि किलोमीटरचे फलक न चुकता आकडे वाढवत राहतात.

हाल्डेन्स्लेबेन मागे टाकले की दुपार कलते आणि कालवा एल्बेच्या खोऱ्यापाशी येतो. इथे तो नदीत उतरत नाही, नदीवरून जातो. माग्डेबुर्गचा जलसेतू ९१८ मीटर लांब आहे: पोलादी हौदासारखा पूल, त्यात सव्वाचार मीटर पाणी आणि त्या पाण्यात बोटी. भरलेली बोट आली म्हणून पुलावरचा भार वाढत नाही. बोट स्वतःच्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते आणि ते पाणी कालव्याच्या लांबीत पसरते. पुलाला हौदात तेवढेच वजन जाणवते. सेतूचे काम १९३० च्या दशकात सुरू झाले होते. युद्धामुळे १९४२ मध्ये ते थांबले, मग देशाची फाळणी झाली आणि सेतू खुला व्हायला २००३ साल उजाडले. तोवर बोटींना रोटेनझे येथे एल्बेत उतरून, नदीतून दहा-बारा किलोमीटरचा वळसा घालून, नीग्रिपच्या जलपाशातून पुन्हा वर चढावे लागे.

अडचण वळशापेक्षा नदीच्या लहरीची होती. पुलाच्या कठड्यावरून खाली पाहिले की एल्बे दिसते, आणि तिच्यावर इथल्या रिपरिपीचा काही परिणाम दिसत नाही. तिचे पाणी ठरते चेक प्रजासत्ताकातल्या आणि सॅक्सनीतल्या पावसावर, तेही काही दिवसांनी. जून २०१३ मध्ये माग्डेबुर्गच्या पातळीमापकाने साडेसात मीटरच्या जवळ मजल मारली, तर २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच मापकावर अर्धा मीटरही उरला नाही. मापकावरचा आकडा म्हणजे पात्राची खरी खोली नव्हे, पण तेवढ्या घसरणीत मालवाहू बोटीला नदीतून जवळजवळ रिकामेच जावे लागते. सेतूवरून मात्र पुरातही आणि दुष्काळातही तीच बोट पूर्ण भरून जाते.

सेतू संपला की होहेनवार्तेचा दुहेरी जलपाश. लांबी १९० मीटर, उतार सुमारे १९ मीटर. मालवाहू बोटी आधी आत जातात, पर्यटकांच्या बोटी मागून. लाल दिवा हिरवा होईपर्यंत भिजत थांबायचे. दोर भिंतीतल्या तरंगत्या खुंटाला अडकवला की तो खुंट पाण्याबरोबर कुरकुरत खाली सरकतो. शेजारी बांधलेल्या टाक्यांमध्ये सुटलेल्या पाण्याचा सुमारे ६० टक्के भाग साठवून पुढच्या खेपेला वापरला जातो, कारण वरच्या कालव्यात पंपाने चढवलेले पाणी फुकट घालवणे परवडत नाही. बोट तळाशी पोचते तेव्हा आभाळाची केवळ एक पट्टी उरते. पाऊस थांबलेला असला तरी ओल्या भिंतींवरून डेकवर पाणी गळतच असते. मग समोरचा दरवाजा वर उचलला जातो आणि बोट एल्बे-हाफेल कालव्यात शिरते. पुढचा मुक्काम बुर्ग, तास-दीड तासाच्या अंतरावर.