न जुळणारे हाड आणि विजेचा इलाज

मुंबईहून कोलकात्यास जाणारा राष्ट्रीय महामार्ग गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीवरून जातो, आणि ज्या गावावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात तेथील लोकांना मोडलेल्या हाडाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. 29 नोव्हेंबर 2024 रोजी याच तालुक्यात, गोंदिया-कोहमारा मार्गावर, शिवशाही बस उलटून 11 प्रवासी दगावले. अशा अपघातांच्या बातमीत मृतांचा आकडा येतो. परंतु जे हातपाय मोडून घेऊन जिवंत राहतात त्यांच्या मागे महिनोन्‌महिने जी यातायात लागते तिची दखल सहसा कोणी घेत नाही.

वास्तविक हाड स्वतःच जुळते. वैद्य फक्त ते जागेवर बसवून स्थिर ठेवतो. मोडल्या जागी रक्त साकळते, तेथे मऊ कूर्चा तयार होते, तिच्यात कॅल्शियमचे क्षार साठून ती टणक बनते, आणि पुढे कित्येक महिने तिला मूळ हाडाचा घाट येत राहतो. मात्र नडगीच्या हाडावर पुढच्या बाजूस मांसाचे आवरण जवळजवळ नसते आणि त्याच्या खालच्या भागास रक्तपुरवठाही बेताचा असतो, त्यामुळे हे काम कधी कधी मध्येच थबकते. दुखापतीस नऊ महिने लोटूनही हाड न जुळणे आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीच प्रगती न दिसणे, हे न जुळलेल्या हाडाचे एक रूढ लक्षण मानतात. रोवणीच्या हंगामात बांधीत उतरू न शकणाऱ्या मजुराला नऊ महिन्यांचा अर्थ सांगायला नको.

अशा हाडास विजेने चेतविता येईल, ही कल्पना जपानमधून आली. हाडावर दाब पडला की त्यात सूक्ष्म विद्युत्‌भार उत्पन्न होतो, हे अस्थिशल्यविशारद इवाओ यासुदा आणि पदार्थवैज्ञानिक एइची फुकादा यांनी 1957 साली प्रसिद्ध केले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अँड्र्यू बॅसेट यांनी शरीराबाहेरूनच चुंबकीय स्पंदने देण्याची रीत विकसित केली, आणि 1979 साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाची तिला मंजुरी मिळाली. या रीतीत तारेचे वेटोळे प्लास्टरवरूनच बांधतात व ते रोज काही तास चालू ठेवतात. दुसऱ्या प्रकारात विजेऐवजी ध्वनीचे काम असते: प्लास्टरला लहानशी खिडकी पाडून, कातडीवर जेल लावून, डबीएवढे उपकरण रोज वीस मिनिटे टेकवून धरायचे. त्यातून निघणारे श्राव्यातीत ध्वनितरंग इतके सौम्य असतात की रुग्णास सहसा काही जाणवतही नाही; आणि ज्या इलाजाची जाणीवच होत नाही त्यावर एक तर अंधविश्वास बसतो किंवा मुळीच बसत नाही.

येथे विवेकाची गरज आहे. अमेरिका व कॅनडात नडगीत रॉड घातलेल्या 501 रुग्णांवर या ध्वनियंत्राची कसोशीने परीक्षा झाली. खरे यंत्र आणि नुसते दिखाऊ यंत्र यांत हाड जुळण्याच्या वा कामावर परतण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही, असा निर्वाळा 2016 साली प्रसिद्ध झाला. तेव्हा ताज्या अस्थिभंगावर हे यंत्र सरसकट लावण्यात अर्थ नाही. रेंगाळलेल्या हाडाची गोष्ट निराळी: तेथे काही रुग्णांना लाभ झाल्याचे दाखले आहेत, पुन्हा शस्त्रक्रिया टळण्याची आशा असते, म्हणून इंग्लंडच्या आरोग्य-यंत्रणेने 2013 साली लांब हाडांच्या अशा प्रकरणांत त्याचा वापर मान्य केला. पण तुकड्यांतील अंतर फार असेल, जखमेत पू असेल किंवा प्लेट सैल झाली असेल, तर कोणतेही यंत्र हतबल ठरते.

त्याआधी एक बिनखर्ची उपाय आहे, तो आपल्याकडील लोकांस रुचत नाही: खर्रा व विडी बंद करणे. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते आणि हाडाचे पोषण तोडते. एकीकडे हजारो रुपयांचे यंत्र पायाला बांधायचे आणि दुसरीकडे गालात खर्रा धरायचा, हा शुद्ध अपव्यय होय.

यंत्र विकत वा भाड्याने घेण्याचा विचार असेल तर आधी ताजा एक्स-रे काढून घ्या, आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे तो नेऊन फट किती आहे, संसर्ग आहे का आणि बसविलेला रॉड पक्का आहे का, हे विचारा. शरीरात पेसमेकर असेल तर तेही न विसरता सांगा.