दुकानांच्या दानावर चाललेली देवळे

हरसूलहून नाशिकला जाताना त्र्यंबक मागे पडले की उजवीकडे अंजनेरीचा डोंगर येतो. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून भाविक वर गड चढून जातात. पायथ्याला, गावाच्या कडेला सोळा पडक्या देवळांचा समूह आहे. त्यातली बारा जैन, चार हिंदू. तिकडे फारसे कुणी वळत नाही.

काळ्या दगडाची ही देवळे पाहून आपण चटकन ‘हेमाडपंती’ म्हणतो. पण हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि इथल्या एका जैन देवळातला शिलालेख शक १०६३चा, म्हणजे इ.स. ११४१-४२चा. यादव राजा सेऊणचंद्र तिसरा याच्या काळातला. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या देवळाला गावातली दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आहे. वत्सराज नावाच्या वाण्यानेही आपले दुकान दिले. मला हा लेख कोरीव द्वारशाखांपेक्षा मोलाचा वाटतो. देवाच्या दिव्यात तेल कुठून येत होते, ते त्यातून कळते.

अंजनेरीलाच सापडलेले ताम्रपट याहून चार शतके जुने, कलचुरी संवत ४६१चे, म्हणजे इ.स. ७१०च्या सुमाराचे आहेत. हरिश्चंद्र वंशातल्या भोगशक्तीने नारायणाच्या देवळाला गावे दिली आणि व्यवस्था सोपवली नगरातल्या व्यापाऱ्यांवर. समगिरिपट्टण हे नगर त्याने पुन्हा वसवले आणि तिथल्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली. सरकारी माणसांच्या जेवणाखाणाचा, मुक्कामाचा भारही त्यांच्यावर ठेवला नाही. उजाड पेठेत माणसे परत आणायची तर आधी त्यांना होणारा जाच थांबवला पाहिजे, हे त्याला कळत होते.

याच ताम्रपटांत दंडाची रक्कम ‘कृष्णराज-रूपकां’त सांगितली आहे. कलचुरी कृष्णराजाचे हे चांदीचे नाणे सहाव्या शतकातले. राजा जाऊन दीडशे वर्षे झाली, तरी बाजारात त्याचेच नाणे चालत होते. आज अंजनेरीजवळच नाण्यांचा अभ्यास करणारी संशोधन संस्था आहे, याचा मला फार आनंद होतो.

देवळांचे दगड निदान मोजता येतात. वत्सराजाचे दुकान मात्र नेमके कुठे होते, ते आता दाखवता येत नाही. शिलालेखातली पेठ गेली, तिच्या दानावर चाललेली देवळे गवतात उभी आहेत. काहींना शिखर नाही, काहींचा नुसता चौथरा उरला आहे.