विश्लेषण : कुरणात गवत, तरी गुरे उपाशी का?

गोमांस निर्यातीत जगात आघाडीवर असलेल्या ब्राझीलमध्ये बहुतांश गुरे कुरणातच वाढतात. मात्र साधारण मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत, समोर गवत उभे असतानाही त्यांचे वजन घटते. त्यावर उपाय आहे गव्हाणीतला थोडासा पूरक आहार. पण तो देण्यात चूक झाली, तर जनावर काही तासांत दगावू शकते.

ही गुरे कोणती?

मध्य ब्राझीलच्या सेराडो या सवाना पट्ट्यात पांढरी, वशिंडाची नेलोर गुरे मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे मूळ आंध्र प्रदेशातील ओंगोल जातीत आहे. एकोणिसाव्या शतकापासून १९६० च्या दशकापर्यंत भारतातून गुरे तिकडे नेली गेली. कुरणातले ब्रॅकियारिया गवत मात्र मूळचे आफ्रिकेतले.

वजन का घटते?

पाऊस थांबला की गवत जून होते आणि त्यातली प्रथिने कमी होतात. हे प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले की जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवांना नत्र अपुरे पडते. काडी नीट पचत नाही, पोट रिकामे होत नाही आणि भूक मंदावते. पावसाळ्यात कमावलेले वजन असे निघून जाते. अशा बैलाला ब्राझीलमध्ये ‘बोई सान्फोना’ म्हणतात, म्हणजे भात्यासारखा फुगणारा आणि आक्रसणारा बैल.

गव्हाणीत काय असते?

मीठ, युरिया, खनिजे आणि सोयाबीन किंवा सरकीची पेंड. युरियातील नत्रापासून सूक्ष्मजीव प्रथिने तयार करतात. मिठामुळे जनावर एका वेळी जास्त खात नाही. दर किलो वजनामागे सुमारे १ ग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या बैलाला रोज ४०० ग्रॅम, हे प्रचलित प्रमाण आहे. एवढ्याने वजन टिकते किंवा थोडे वाढते. मात्र कुरणात वाळलेले गवत भरपूर हवे. सेराडोच्या मातीत स्फुरद कमी असल्याने खनिजेही महत्त्वाची ठरतात. स्फुरद कमी पडले की गुरे हाडे चघळतात आणि त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होते.

मग भरपूर धान्यच का देत नाहीत?

धान्य जास्त मिळाले की जनावर गवत कमी खाते. खर्च वाढतो आणि फुकटचे गवत मागे राहते.

धोका कुठे?

युरिया पाण्यात लगेच विरघळतो. गव्हाणीत पावसाचे पाणी साचले आणि जनावराने ते प्यायले, तर रक्तात अमोनिया वाढतो. थरथर, तोंडाला फेस, पोटफुगी आणि मृत्यू असा हा क्रम असतो. म्हणून गव्हाणीवर छप्पर आणि तळाला भोके ठेवतात. मात्रा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवतात. उपाशी गुरांना एकदम युरिया देत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी?

चीन ब्राझीलकडून ३० महिन्यांपर्यंतच्याच गुरांचे मांस घेतो. दर कोरड्या हंगामात वाळणारा बैल या वयात कत्तलीच्या वजनाला पोहोचत नाही. जनावर लवकर तयार झाले, तर त्याच्या आयुष्यभराचा मिथेन वायूही कमी होतो.

महाराष्ट्राशी संबंध काय?

भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत खाणाऱ्या आपल्या गुरांचीही अडचण तीच, नत्राची. युरिया, मळी आणि खनिजांच्या चाटण विटा याच तत्त्वावर बनतात. सावधगिरीही तीच. पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय खताचा युरिया गव्हाणीत टाकू नये.