वजन जमिनीला, नजर पाण्यावर

सिंहगडाच्या परिसरातल्या एका ओढ्याकाठी, एका शेतकऱ्याच्या खासगी रानात आमचं लपण आहे. आठ फूट रुंद, साडेचार फूट खोल, आणि उंची एवढीच की आत कोणालाच ताठ उभं राहता येत नाही. बांबूचा सांगाडा, त्यावर हिरवी शेडनेट, छपराला उसाचं पाचट. समोर पाण्याची उथळ कुंडी. जागेचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, पाणी आणि रान सांभाळतात. आलेल्या छायाचित्रकारांना बसवणं, त्यांचे कॅमेरे नीट टेकवून देणं आणि दिवसभर पक्ष्यांना त्रास होणार नाही हे बघणं हे माझं काम. मे महिन्याच्या सुरुवातीला ओढा आटलेला असतो, तेव्हा या कामाला खरी गर्दी असते.

पहाटे ४.३०

सगळ्यात आधी पाणी. काका हंड्याने पाणी आणतात, मी कुंडी खराट्याने घासतो. शेवाळ साचू द्यायचं नाही, कारण त्यावरून लहान पक्ष्यांचे पाय घसरतात. कडेला अर्धा इंच आणि मधे दोन इंच, यापेक्षा जास्त खोल पाणी नको. चष्मेवाल्यासारख्या दहा सेंटीमीटरच्या पक्ष्याला उभं राहून अंघोळ करता आली पाहिजे.

मग लपणाची जमीन. ती बाहेरच्यापेक्षा गुडघाभर खाली खणली आहे. त्यामुळे स्टुलावर बसलं की डोळा आणि लेन्स पाण्याच्या पातळीच्या थोडेच वर येतात. वरून खाली बघत काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ दिसते, समोरून काढलेल्यात त्याची नजर दिसते. आम्ही फळ्यांचा तळ मुद्दाम टाळला आणि माती चोपून घट्ट केली. फळीवर एकाने पाय हलवला की तिघांचे कॅमेरे थरथरतात, चोपलेली जमीन तो धक्का जागीच जिरवते. मागच्या बाजूला काळं जाड कापड ताणून बांधलं आहे. मागून उजेड आला तर आतल्या माणसांच्या सावल्या पक्ष्यांना स्पष्ट दिसतात.

५.१५

आज तिघे आहेत. पुण्याच्या निवृत्त शिक्षिका, साताऱ्याचे एक डॉक्टर आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा. बाईंकडे निकॉनची ६०० मिमी एफ/४ आहे. नुसत्या लेन्सचं वजन ३.८१ किलो, मागे मोठा कॅमेरा धरला की पाच किलोंच्या वर जातं. डॉक्टरांकडे सोनीची २००-६००, दोन किलोंहून थोडी जास्त. मुलाकडे निकॉनची २००-५००, २.३ किलो.

“मॅडम, ट्रायपॉडला मधला दांडा आहे का?” मी विचारलं.

“काढून टाकलाय. तुम्ही फोनवर सांगितलं होतं ना.”

बरं वाटलं. मधला दांडा असला की ट्रायपॉड पुरेसा खाली बसत नाही, आणि दांडा वर काढला की तिपाईवर एकपाई उभी राहते.

५.३०

पुढची वीस मिनिटं दिवसातली सर्वांत महत्त्वाची. पक्षी यायच्या आधी, अंधारातच सगळं लावून संपलं पाहिजे.

माणशी जागा अडीच फुटांच्या आसपास येते. उघड्या माळावर पसरतो तसा ट्रायपॉड इथे पसरला तर एक पाय शेजाऱ्याच्या स्टुलाखाली जातो, आणि शेजारी हलला की फोटो हलतो. म्हणून बाईंच्या ट्रायपॉडचे दोन पाय समोरच्या भिंतीलगत आणि तिसरा मागे, त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधे. पाय लांबवताना वरचे जाड टप्पे आधी उघडायचे, खालचे बारीक टप्पे शक्यतो आतच ठेवायचे. प्रत्येक पायाखाली ओढ्यातला चपटा दगड ठेवायचा आणि वरून तळव्याने जोर देऊन दगड बसला का ते पाहायचं.

मग गिंबल. जड लेन्ससाठी मला यासारखं दुसरं हेड ठाऊक नाही. बॉल हेडवर लेन्स चेंडूच्या वर तोललेली असते. खटका जरा सैल राहिला की पाच किलोंचं वजन एका बाजूला धाडकन कलंडतं, आणि एवढ्याशा जागेत ते कुणाच्या तरी हातावर पडतं. गिंबलमध्ये लेन्स पाळण्यासारखी झुलत्या हाताला बसते आणि वजनाचा मध्य फिरण्याच्या आसावर येतो. तोल जमला की सगळा भार सरळ खाली उतरतो, त्यामुळे ट्रायपॉडचे पाय कमी पसरले तरी चालतं. अरुंद लपणात हा फायदा फार मोठा आहे.

पण तोल जमवावा लागतो. हूड, कॅमेरा, बॅटरी, कार्ड असं सगळं लावून झाल्यावरच तोल बघायचा, कारण हूड नंतर लावला की पुढचा भार बदलतो. लेन्सच्या पायाखालची प्लेट गिंबलच्या खाचेत पुढे-मागे सरकवायची. समोरचं टोक खाली झुकलं तर लेन्स मागे घ्यायची, मागचं झुकलं तर पुढे. मग दोन्ही खटके सैल सोडून हात काढायचा. लेन्स ज्या कोनात सोडली त्याच कोनात थांबली पाहिजे. बाईंनी तीनदा प्लेट सरकवली, चौथ्यांदा लेन्स थांबली.

डॉक्टरांच्या आणि मुलाच्या लेन्स हलक्या आहेत, त्यांच्यासाठी बीनबॅग. खिडकीखाली एक जाड फळी आहे. ती भिंतीला ठोकलेली नाही, जमिनीत पुरलेल्या दोन खांबांवर स्वतंत्र बसवली आहे. भिंत वाऱ्याने हलते, फळी हलत नाही. पिशव्यांमध्ये आम्ही ज्वारी भरतो. दाणा गोल असल्याने लेन्सच्या आकाराला चटकन बसतो, आणि पाहुण्यांना शहरातून अडीच-तीन किलोंची भरलेली पिशवी वाहून आणावी लागत नाही. पिशवी पाऊण भरायची. ठासून भरली की ती दगडासारखी होते आणि लेन्स तिच्यावर डुलते. पाऊण भरली की मधे खळगा होतो आणि लेन्स त्यात रुतून बसते.

शेवटी हूड. हूडाचं टोक खिडकीच्या आतच ठेवायला सांगतो. लेन्स, हूड आणि कॅमेरा मिळून लांबी दोन फुटांच्या वर जाते. ती नळी बाहेर आली आणि डावी-उजवीकडे वळली, तर समोरच्या पक्ष्याला आख्खं लपण हलल्यासारखं वाटतं.

६.१५

उजेड अजून निळसर. सगळ्यात आधी दयाळ आला, काठावरच्या दगडावर शेपटी उभारून थांबला. झाडांखाली प्रकाश एवढा कमी की एफ/४ ला आणि आयएसओ ३२०० ला सुद्धा शटर सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत खाली येतो. हातात धरलेल्या ६०० मिमी लेन्सला साधारण सहाशेवा भाग तरी हवा, असा जुना ढोबळ नियम आहे. लेन्समधल्या स्थिरीकरणाने पुष्कळ मदत होते, तरी साठाव्या भागाला खात्रीने फोटो हवा असेल तर भार जमिनीवरच पाहिजे. बाईंनी डावा हात लेन्सच्या पाठीवर नुसता ठेवला, श्वास सोडला आणि आवाज न होणाऱ्या शटरवर तीन-चार फोटो घेतले. दयाळाने मान सुद्धा वळवली नाही.

७.४५

शिपाई बुलबुल जोडीने आले, मग सातभाईंचा गोंगाट. कुंडीचा मध्य लपणापासून सहा मीटरवर आहे. हे अंतर विचार करून ठरवलं आहे. बाईंच्या लेन्सला ४.४ मीटरच्या आत फोकस होत नाही, म्हणून कुंडी त्याहून जवळ नको. आणि सहा मीटरवर ६०० मिमीच्या चौकटीत जेमतेम ३६ सेंटीमीटर रुंदी मावते. कस्तुर साधारण २१ सेंटीमीटरचा, म्हणजे चौकटीत तो नीट बसतो, पण लेन्सचं टोक केसभर हललं तरी शेपटी कापली जाते. मोठ्या लेन्सला आधार लागतो तो वजनामुळे, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण तिची दृष्टी इतकी अरुंद असते हे आहे.

९.३०

ऊन चढलं आणि पाण्यावर खरी गर्दी झाली. आधी टिकेलचा निळा माशीमार, पाठोपाठ नाचण. पावणेदहाला केशरी डोक्याचा कस्तुर पाचोळ्यातून चालत आला. पांढऱ्या गालावरच्या दोन गडद उभ्या रेघा त्याच्या इकडच्या जातीची खूण. तो पाण्यात उतरला आणि पंख झाडू लागला.

मुलाने उत्साहात लेन्स बीनबॅगवरून उचलली, कोन बदलायला. कस्तुर तात्काळ थांबला, मान वर करून बघत राहिला. मी मुलाच्या मनगटावर हात ठेवला. त्याने लेन्स हळूच परत टेकवली आणि पिशवीच दोन बोटांनी दाबून कोन बदलला. पक्षी पुन्हा पाण्यात बसला. मे महिन्यातल्या दुपारआधीच्या या अंघोळीची त्या पक्ष्याला गरज आहे. आमच्या हालचालीने तो उडाला तर दुसरं पाणी शोधायला त्याला किती लांब जावं लागेल कोण जाणे, आणि वाटेत शिक्रा असतोच. लपणात बसायचा हक्क आपल्याला मिळतो तो न हलण्याच्या बोलीवर, असं मी मनापासून मानतो.

दुपारी १२.३०

तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागली की पिसांचा तपशील विरघळतो, कितीही भक्कम आधार असला तरी. कॅमेरे झाकून आम्ही काकांच्या ओसरीवर आलो. भाकरी, पिठलं, ठेचा, ताक.

जेवताना डॉक्टरांनी विचारलं, “लेन्स आता एवढ्या हलक्या झाल्यात, मग ही सगळी यातायात कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. कॅननची १९९९ सालची स्थिरीकरणवाली ६०० मिमी एफ/४ ५.३६ किलोंची होती, २०१८ सालची ३.०५ किलोंची आहे. वीस वर्षांत सव्वादोन किलोंहून जास्त वजन उतरलं. त्यामुळे पाठ वाचली, डोंगर चढता येऊ लागला. पण चौकट तेवढीच अरुंद राहिली. शिवाय हलकी लेन्स वाऱ्याच्या झुळकीनेही हलते, बोटाच्या दाबानेही हलते. आणि तीन किलो सुद्धा कोणी तीन तास डोळ्याशी धरून बसू शकत नाही.

मग बोलणं जुन्या माणसांवर गेलं. इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १९०० च्या सुमाराला पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी पोकळ बैल बनवला होता. आत माणूस, त्याच्यापुढे काचेच्या प्लेटचा कॅमेरा आणि लेन्ससाठी भोक. त्याच देशातल्या एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली घुबडाच्या हल्ल्यात गेला, तरी त्यांनी पुढे अनेक दशकं लपणात काढली. सलीम अलींचे स्नेही लोक वान थो उंच मचाणांवरून घरट्यांचे फोटो घेत. आज आम्ही घरट्याजवळ लपण बांधत नाही, पिल्लांच्या जिवाला त्यातून धोका असतो हे आता माहीत आहे. पाण्याजवळ बसतो, तेही अंतर राखून, आळ्यांचं आमिष किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग न वापरता.

३.४५

आत परतल्यावर सगळं पुन्हा तपासायचं. उन्हाने माती भुसभुशीत होते, दगड किंचित बसतात. बाईंच्या ट्रायपॉडचा डावा पाय पाव इंच खाली गेला होता. गिंबलचा तळ वाकडा झाला की लेन्स फिरवताना क्षितिज कलतं, म्हणून पाण्याचा बुडबुडा मधे येईपर्यंत पायाखालचा दगड बदलला.

४.५०

अचानक सगळे पक्षी उडाले. सातभाई करवंदाच्या जाळीत घुसून ओरडू लागले. शिक्रा कुंडीच्या काठावर उतरला, आणि चार पावलं टाकून पाण्यात पोट टेकून बसला.

तो बराच वेळ तसाच बसला. मधेच लाल डोळा लपणाकडे वळायचा. अशा वेळी हातात कॅमेरा धरलेला माणूस काही मिनिटांत थकतो, कोपर हलतं, पक्षी जातो. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. लेन्स आपली आपण थांबली होती, शिक्र्याच्या डोळ्यावर रोखलेली. त्याने पंख झाडायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी फक्त एक बोट उचललं.

६.३०

उजेड संपायच्या आधी आम्ही लपण सोडलं नाही. शेवटचे पाहुणे, कवडे आणि एक रानकोंबडी, पाणी पिऊन जाईपर्यंत थांबलो. मग ट्रायपॉडचे पाय पुसले, टप्प्यांमधली माती काढली. ज्वारी ताटात पसरून ठेवली, कारण दमट दाणा पिशवीत राहिला तर बुरशी धरते.

निघताना मुलाने विचारलं, “सर, पैसे साठवतोय. पुढची लेन्स कोणती घेऊ?”

“लेन्स आहे तीच पुरे. आधी एक चांगला ट्रायपॉड घे, मधल्या दांड्याशिवाय, आणि तुझ्या लेन्सला पेलेल असं गिंबल. नाहीतर एक बीनबॅग शिवून घे आणि ती नीट वापरायला शीक.”

त्याला हे थोडं फिकं वाटलं असावं. पण माझं मत पक्कं आहे. महाग लेन्स पक्षी जवळ दाखवते. भार जमिनीवर टेकलेला असला की माणूस तासन् तास निश्चल बसू शकतो, आणि तो निश्चल बसला तरच पक्षी आपलं पाणी बिनधास्त पिऊन जातो. फोटो त्यानंतरची गोष्ट आहे.