रात्रपाळीचं इंग्रजी

‘पेशंट हॅज फीवर सिन्स टू डेज.’ रायपूरच्या कुठल्याही दवाखान्यात केसपेपर उघडा, हे किंवा याच धाटणीचं वाक्य सापडतंच. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. तिच्या सरावाच्या वहीत हे वाक्य पहिल्याच पानावर होतं. हिंदीत आपण म्हणतो ‘दो दिन से’, मराठीत ‘दोन दिवसांपासून’, आणि तिच्या घरच्या छत्तीसगढीत ‘दू दिन ले’. ताप सुरू कधी झाला आणि टिकला किती, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्या तिन्ही भाषा एकाच शब्दाने भागवतात. इंग्रजीला ते चालत नाही. सोमवारी सुरू झाला असेल तर ‘सिन्स मंडे’, आणि दोन दिवस टिकला असेल तर ‘फॉर टू डेज’. शिवाय क्रियापदही बदलावं लागतं: ‘हॅज हॅड फीवर फॉर टू डेज’.

या चुकीने कुणाचं फारसं बिघडत नाही. डॉक्टरला ताप कळतो, किती दिवसांचा तेही कळतं. त्याच पानावर चार ओळी खाली मात्र लिहिलं होतं, ‘इंजेक्शन गिव्हन ॲट टेन.’

मी विचारलं, “कधी दिलं?”

“दिया नहीं मैडम, देना है. रात को दस बजे.”

‘गिव्हन’च्या आधी राहून गेलेल्या ‘टू बी’ या दोन शब्दांपाशी आमची ती अख्खी संध्याकाळ गेली. वहीतला रुग्ण कल्पनेतला होता, म्हणून ठीक. खऱ्या वॉर्डात पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणारीला हँडओव्हर देते. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, कागदावरचं उरतं. ‘गिव्हन’ लिहिलं की येणारी समजणार की डोस झाला, आणि रुग्ण औषधाविना रात्र काढणार. उलट, दिलेल्या डोससमोर ‘टू बी गिव्हन’ राहिलं तर तोच डोस दोनदा जाऊ शकतो. शाळेत ‘टू बी’ म्हणजे पाठ करायचा तक्ता असतो, ॲम, इज, आर, वॉज, वेअर. इथे तेच दोन शब्द औषध रुग्णाच्या अंगात गेलं की अजून ट्रेमध्ये आहे, हे ठरवतात. व्याकरण कशासाठी शिकायचं, या प्रश्नाचं यापेक्षा खणखणीत उत्तर मला आजवर कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

मुलगी अभनपूरकडच्या खेड्यातली. शाळा हिंदी माध्यमाची, आणि आता जीएनएम हा नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, ज्याची पुस्तकं जाडजूड इंग्रजीत. तिचं शालेय इंग्रजी व्याकरण हिंदीच्या दारातून आलेलं आहे. वाक्याच्या शेवटी ‘ता है, ती है, ते हैं’ आलं की प्रेझेंट इंडेफिनिट, ‘रहा है, रही है’ आलं की कंटिन्युअस, ‘चुका है’ आलं की परफेक्ट. हिंदी पट्ट्यातल्या लाखो मुलांनी इंग्रजी काळ असेच पाठ केले आहेत. ज्याच्या घरी हिंदी आहे त्याला ही युक्ती काही अंतर नेते. हिच्या घरी ‘ता है’ नाहीच. आई म्हणते ‘जाथे’, आजी म्हणते ‘करथे’. म्हणजे तिने आधी घरचं वाक्य हिंदीत न्यायचं, तिथे शेपूट ओळखायचं, मग सूत्र आठवून इंग्रजीत उतरायचं. एवढ्या फेऱ्यात मूळ काय सांगायचं होतं तेच हातून निसटतं.

पहिले काही दिवस ती माझ्याशी फक्त हिंदी बोलायची. छत्तीसगढी शिकवणीत काढायची नसते, असं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण इंग्रजीच्या काही गाठी तिच्या भाषेत आधीच सुटलेल्या आहेत आणि तिला ते कुणी सांगितलेलंच नाही.

भूतकाळ घ्या. मराठीत नर्सने औषध दिलं, नर्सने गोळी दिली. क्रियापद कर्माच्या लिंगामागे धावतं. हिंदीतही ‘ने’ आला की तेच, ‘इंजेक्शन दिया’ पण ‘दवा दी’. छत्तीसगढीत हा ‘ने’ नाही. ‘वो दवई दिस’, ‘वो सूजी दिस’. दवई असो की सूजी, म्हणजे इंजेक्शन, ‘दिस’ हलत नाही. इंग्रजीतही ‘शी गेव्ह’ हलत नाही. लिंगाचंही तसंच. टुरा आला तरी ‘आइस’ आणि टुरी आली तरी ‘आइस’, अगदी इंग्रजी ‘केम’सारखं. मराठी मुलाला तीन लिंगं विसरून इंग्रजीत शिरावं लागतं. हिला विसरण्यासारखं काहीच नाही. पुन्हा ‘मोला’, ‘तोला’ हे शब्द ऐकले की आपले ‘मला’, ‘तुला’ आठवतात, त्यामुळे माझ्यासारख्या मराठी बाईलाही या भाषेत पाय ठेवायला जागा मिळते.

छत्तीसगढीला व्याकरण नाही, ती नुसती बोली आहे, असं रायपुरात अजून सर्रास ऐकू येतं. तिचं व्याकरण १८८५ साली लिहून झालं आहे. लिहिणारे हीरालाल काव्योपाध्याय, धमतरीचे शाळामास्तर. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने त्याचं इंग्रजी भाषांतर करून १८९० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. इंग्रजीने हिच्या भाषेची दखल सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतली. हीरालालांचं नाव मी तिला सांगितलं तेव्हा धमतरीचं नाव ऐकून तिला कोण आनंद झाला, कारण तिच्या गावावरून जाणारी बस पुढे धमतरीलाच जाते.

सगळ्यांत अडेल प्रकरण ‘अ’ आणि ‘द’चं. आपल्याकडे उपपदं नाहीत, म्हणून विद्यार्थी एक तर ती गाळतो किंवा मिठासारखी अंदाजाने टाकतो. मी तिला म्हटलं, वॉर्डात नवा रुग्ण आला, आईला सांग. ती म्हणाली, “एक झन मरीज आए हे.” मग? “मरीज हर सुते हे.” माणसं मोजताना ‘झन’ आणि वस्तू मोजताना ‘ठन’ हे छत्तीसगढीचं वैशिष्ट्य, आणि ‘हर’ लागला की ऐकणाऱ्याला कळतं की ज्याचं बोलणं चाललंय तोच हा. पहिल्यांदा उल्लेख आला तेव्हा ‘एक झन’, दुसऱ्यांदा ‘हर’. इंग्रजीत पहिल्यांदा ‘अ पेशंट’, दुसऱ्यांदा ‘द पेशंट’. तिने दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि बराच वेळ बघत राहिली. ‘हर’ म्हणजे हुबेहूब ‘द’ नव्हे. तो बहुधा कर्त्याला चिकटतो, आणि ‘द’ कुठेही बसतो. पण पहिल्यांदा आलेलं नवं आणि माहितीतलं जुनं हा भेद तिच्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे, हे तिला दिसलं. त्यानंतर ‘द’ चुकला तरी तो विचार करून चुकतो, आणि असा चुकलेला विद्यार्थी शिकवायला सोपा असतो.

तिच्याच वेळेला इथल्या तात्यापारा वस्तीतला एक मराठी मुलगा येतो, आठवीतला. त्याचं दुखणं वेगळं. ‘माय फादर हॅव कम’, ‘सर वेअर ॲबसेंट’. बाबा आले आहेत, सर नव्हते. वडीलधाऱ्यांना एकवचनात बोलणं त्याच्या जिभेला जमतच नाही. ही चूक खोडताना माझा हात जरा जड होतो, कारण तिच्यामागे घरचं वळण आहे. कंटिन्युअस मात्र त्याला शिकवावा लागला नाही. नागपूर-रायपूरच्या मराठीत ‘काय करून राहिला?’, ‘जेवून राहिलो’ हे रोजचंच, आणि इंग्रजीचा ‘इंग’ त्यावर सहज बसतो. पुण्याचे पाहुणे या ‘करून राहिलो’ला हसतात. त्या मुलाला मी सांगून ठेवलं आहे की हे मोडायचं नाही.

या भागात परभाषा शिकून तिच्यात लिहिणं काही नवीन नाही. माधवराव सप्रे मराठी घरातले, शिकले बिलासपूर-रायपूरला. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. सोबत संपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे, म्हणजे तिन्ही मराठी माणसं. पुढे सप्र्यांनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं. मराठी बाजूला सारून ते हिंदीचे लेखक झाले नाहीत. एका बाजूला मराठी ग्रंथ उघडा ठेवून झाले. जुन्या मराठी घरांतल्या तर्खडकर भाषांतर पाठमालेचंही मर्म तेच होतं. आधी मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी, मग उलट. ती वाक्यं आज जुनाट वाटतात, पण शिकणाऱ्याच्या भाषेला त्या पुस्तकाने मानाने पाट मांडला होता. याच रायपुरात वाढलेले हरिनाथ डे चौतीस भाषांचे जाणकार म्हणून ओळखले गेले आणि १९०७ मध्ये कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. त्यांचं आयुष्य जेमतेम चौतीस वर्षांचं.

वाचनासाठी मी ‘द हितवाद’ची रायपूर आवृत्ती वापरते. हे पत्र १९११ साली नागपुरात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलं. आम्ही वाचतो ती स्थानिक पानं, आणि त्यातही अपघात, चोऱ्या, उद्घाटनं. कारण सरळ आहे. इथल्या पचपेढी नाक्यावर काय होतं हे तिला माहीत आहे. ठिकाण माहीत असलं की अडलेला शब्द अंदाजाने सुटतो, आणि वाचन शब्दकोशापाशी थांबत नाही. मथळे वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि तिचा आम्हाला फार उपयोग झाला. इंग्रजी मथळ्यात ‘टू हेल्ड’ म्हणजे दोघांना पकडलं (हा ‘टू’ आकड्यातला), ‘ब्रिज टू ओपन’ म्हणजे पूल उघडणार आहे. ‘वॉज’, ‘वेअर’, ‘विल’ सगळे गळालेले. नर्सच्या नोंदी याच काटकसरीने लिहिलेल्या असतात: ‘ड्रेसिंग डन’, ‘ब्लड सँपल सेंट’, ‘एक्स-रे टू बी डन’. झालेलं आणि व्हायचं यांतला सगळा फरक त्या एका ‘टू’वर तोललेला. आता रोज ती पाच मथळे उतरवते आणि प्रत्येकापुढे गळालेले शब्द भरून पूर्ण वाक्य लिहिते. आधी पूर्ण लिहिता आलं पाहिजे, मग गाळायचं. पूर्ण वाक्य न शिकताच तिला थेट गाळीव इंग्रजी नकलायला मिळालं होतं, म्हणून ‘गिव्हन’चा घोळ झाला.

लेखनाचा सराव आम्ही एकाच कल्पित रुग्णावर करतो. तिची आधीची नोंद अशी होती: ‘पेशंट हॅव कम यस्टरडे. फीवर सिन्स टू डेज. शी टेक टॅबलेट. इंजेक्शन गिव्हन ॲट टेन.’ पहिल्या वाक्यात ‘कल आया है’ हिंदीत चालतं, छत्तीसगढीत ‘काली आए हे’ चालतं, आपल्याकडेही ‘कालच आलाय’ म्हणतात. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आलं की ‘हॅज’ निघून जातो. त्यासाठी तिला ‘आइस’ आणि ‘आए हे’ यांतला फरक आठवायला लावला, आणि कालची वेळ सांगितली असेल तर ‘आइस’च घे असं सांगितलं. ‘टेक’चा एस जास्त दिवस पुरला. इंग्रजीत नाम अनेकवचनी झालं की एस नामाला लागतो, आणि कर्ता एकवचनी असला की एस क्रियापदाला. ‘नर्सेस वर्क’, ‘नर्स वर्क्स’. तिने विचारलं, एकच अक्षर इकडे अनेकांचं आणि तिकडे एकाचं कसं? प्रश्न बिनतोड आहे. मी एवढंच सांगितलं की हे दोन एस वेगवेगळे आहेत, फक्त दिसतात सारखे. तिच्या ‘खाथे’ आणि ‘खाथें’मध्येही कर्ता एक की अनेक हे क्रियापदच सांगतं, तिथे अनुस्वार अनेकांचा, इथे एस एकाचा.

नंतरची नोंद: ‘द पेशंट केम यस्टरडे. शी हॅज हॅड फीवर फॉर टू डेज. शी टुक वन टॅबलेट ॲट सिक्स पीएम. इंजेक्शन टू बी गिव्हन ॲट टेन पीएम.’ चार वाक्यं, पण ती तिची आहेत. ‘काऊ इज अ डोमेस्टिक ॲनिमल’पासून बारावीच्या निबंधापर्यंत तिने जे इंग्रजी लिहिलं ते सगळं पाठ केलेलं, दुसऱ्या कुणाचं होतं. २०२० पासून छत्तीसगढ सरकारने स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा काढल्या. पालकांची ओढ मी रोज पाहते आणि ती रास्त आहे. माझं मागणं एवढंच की त्या वर्गांत ‘झन’, ‘हर’, ‘आइस’ यांना फळ्यावर जागा मिळावी. २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळालेली भाषा इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर चपलांजवळ का ठेवायची?

सध्या आम्ही ‘एसओएस’वर आलो आहोत, म्हणजे गरज पडली तरच द्यायचं औषध. ताप शंभराच्या वर गेला तर गोळी द्या. मराठीत ‘गेला तर’, भूतकाळाचं रूप. हिंदीत ‘बढ़ा तो’, तेही भूतकाळाचं. छत्तीसगढीत ‘बाढ़ही त’, भविष्यकाळाचं. म्हणून ती लिहिते ‘इफ फीवर विल गो’, आणि तात्यापाऱ्याचा मुलगा लिहितो ‘इफ फीवर वेन्ट’. इंग्रजीला हवा आहे वर्तमानकाळ, ‘इफ इट गोज’. दोघांनी आपापली वाक्यं एकमेकांना समजावून सांगितली. ‘गोज’चा एस दोघांकडूनही राहिला.